गोठा आणि वॉर्ड : प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगरात माणसांच्या दुखण्यासाठी घाटी आहे आणि ढोरांच्या दुखण्यासाठी खडकेश्वरचा सरकारी दवाखाना. घाटीचे कागदोपत्री नाव शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. १९५६ पासून जालना, बीड, परभणी, बुलडाणा, अगदी जळगावच्या सीमेवरूनही माणसे इथे येतात आणि गावात मागे 'घाटीत नेलंय' एवढाच निरोप ठेवून येतात. दोन्ही दवाखान्यांत येणारे घर मात्र बऱ्याचदा एकच असते. फुलंब्रीचा किंवा पैठणचा शेतकरी आज गाय दाखवून जातो आणि महिना-दोन महिन्यांनी त्याच गायीची धार काढणारी त्याची बायको तापाने फणफणत ओपीडीच्या रांगेत उभी असते. गायीचा कागद एकीकडे, बाईचा केसपेपर दुसरीकडे. ते दोन कागद शेजारी ठेवले तर काय दिसते, हे या पुस्तकात सांगायचे आहे.

ओळखू न येणारे दुखणे जगावेगळेच असते असे नाही. कित्येकदा ते एका दवाखान्यात रोजचे असते आणि दुसऱ्यात कुणी त्याचे नावही घेत नाही. ब्रुसेलोसिस घ्या. गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, वार अडकते. घरातले कुणीतरी उघड्या हाताने मेलेले वासरू ओढते, वार काढते आणि उकिरड्यावर नेऊन टाकते. ढोरांच्या डॉक्टरला यात नवल वाटत नाही. त्याच्या मनात पहिली शंका याच जिवाणूची येते. पुढे काही आठवड्यांनी वार काढणाऱ्याला संध्याकाळची कणकण येऊ लागते. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, कंबर धरलेली, सांधे ठणकत असलेले. ताप चार दिवस उतरतो आणि पुन्हा चढतो. तालुक्याला विडाल करून टायफॉइडचा कोर्स होतो, मग मलेरियाच्या गोळ्या, मग क्षयाची शंका येऊन छातीचा फोटो. दुखणे अंगावर काढत सहा महिने निघून जातात. रक्ताचे कल्चर लावले तरी हा जिवाणू सावकाश वाढतो. 'ब्रुसेला असू शकतो, जास्त दिवस ठेवा आणि जपून हाताळा' असे प्रयोगशाळेला आधीच कळवावे लागते, कारण तिथल्या माणसांनाही त्याची लागण होते. हे कळवायचे तर डॉक्टरला आधी संशय यायला हवा, आणि संशय यायला एक प्रश्न पुरतो: घरातली गाय, म्हैस किंवा शेळी गाभडली होती का?

एवढा साधा प्रश्न सुचायलाही वेळ लागतो. माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना येणाऱ्या तापाचा जिवाणू डेव्हिड ब्रूसने १८८७ साली शोधला. तो शेळीच्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लिस झॅमिटने दाखवले तेव्हा १९०५ उजाडले होते. मधली अठरा वर्षे सैनिक तेच दूध पीत राहिले. आज निदान झाले की दोन प्रतिजैविके निदान सहा आठवडे द्यायची एवढाच उपचार असतो, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना लस टोचली की पुढचे पुष्कळसे टळते. ती लस सरकारी कार्यक्रमात मिळते. टोचून घेण्याबद्दल गावात अजून जी टाळाटाळ होते ती पाहून जीव तुटतो.

उलट दिशेने पाहायचे तर रेबीज पाहावा. एखादी गाय चारा सोडते. तोंडातून लाळेची तार लागते, घास गिळता येत नाही, हंबरण्याचा आवाज घोगरा होतो. तिला कुत्रे चावल्याचे कुणी पाहिलेले नसते, किंवा ते होऊन महिना-दीड महिना लोटलेला असतो. घरच्यांना वाटते, घशात काहीतरी अडकले. मालक बाही सारून कोपरापर्यंत हात गायीच्या घशात घालतो आणि चाचपडतो. हाती काही लागत नाही, पण दातांनी मनगट खरचटते आणि हात लाळेने माखतो. कधी हा हात पशुवैद्याचा असतो. मग मागचे पाय लटपटू लागतात, गाय बसते आणि थोड्याच दिवसांत मरते. पिसाळलेले जनावर अंगावर धावते हे सगळ्यांना ठाऊक असते. मुकाट्याने लुळे पडत जाणारे जनावरही पिसाळलेले असू शकते हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून गिळता न येणाऱ्या जनावराच्या घशात हात घालण्याआधी रेबीज आठवायचा, हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला बजावून सांगतात. गायीला आता काही करता येत नाही. तिचे निदान लागले तर मालकाला, त्याच्या पोराला, हात घालणाऱ्या प्रत्येकाला लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन वेळेत देता येते. माणसातही रेबीज कधी पायांपासून चढणाऱ्या लुळेपणाने सुरू होतो. तेव्हा तो गियाँ-बारे सिंड्रोमसारखा दिसतो, आणि २०२५ च्या जानेवारीत पुण्यात या सिंड्रोमची साथ आल्यापासून ते नाव घरोघरी माहीत आहे. अशा रुग्णाला कुत्र्याबद्दल विचारतातच. घरच्या जनावराच्या लाळेबद्दलही विचारले पाहिजे.

आता ज्या एका रुग्णामुळे हा विषय माझ्या मनात पक्का बसला त्याच्याबद्दल सविस्तर सांगतो.

सर्रा हा घोडे, उंट, बैल, म्हशी यांचा जुना रोग. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान इथल्या घोड्या-उंटांच्या रक्तात त्याचा परजीवी पहिल्यांदा पाहिला. ताज्या रक्ताच्या थेंबात तो लाल पेशींना ढुशा देत वळवळताना दिसतो. चावणाऱ्या मोठ्या माश्या त्याला एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. पावसाळा सरताना औताचा धडधाकट बैल अधूनमधून तापतो, खंगतो, कधी जागच्या जागी गोल फिरतो, भिंतीवर डोके दाबून उभा राहतो. पशुवैद्य काचेवर रक्ताचा थेंब घेतो आणि नशीब असेल तर परजीवी सापडतो; नशीब असेल तर, कारण तो रक्तात कधी भरपूर असतो आणि कधी अजिबात दिसत नाही. माणसाला सर्रा होत नाही असेच सगळे समजून चालले होते. त्याला आधारही होता: माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने हैराण झाला होता. त्याच्या रक्ताच्या काचेवर ट्रिपॅनोसोम या जातीचे परजीवी दिसले. माणसाच्या रक्तात ट्रिपॅनोसोम म्हटले की डॉक्टरला आठवतो आफ्रिकेतला निद्रारोग. पण तो पसरवणारी त्सेत्से माशी भारतात नाही, आणि हा माणूस देशाबाहेर कधी गेलेला नव्हता. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांबरोबर छडा लावला, आणि निघाला तो सर्राचाच परजीवी, गुरांच्या गोठ्यातला. माणसाला सर्रा झाल्याची ही पहिली पक्की नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. रुग्णाला सुरामिन हे औषध देण्यात आले आणि त्याच्या रक्तातून परजीवी गेला. गावातल्या लोकांचे रक्तही तपासले. कुणाच्याच रक्तात परजीवी सापडला नाही.

मग हाच एक माणूस का? याचे उत्तर ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेत लागले आणि २००६ साली छापले गेले. परजीवीला मारणारे ते प्रथिन, एपीओएल-१, या शेतकऱ्याच्या रक्तात नव्हतेच. आईकडून आणि बापाकडून आलेल्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. त्याच्या रक्तद्रवात प्रयोगशाळेत तयार केलेले एपीओएल-१ मिसळले, आणि परजीवी मरू लागले. गोठ्यात माश्या सगळ्यांनाच चावत होत्या. बाकीच्यांकडे जन्मजात ढाल होती, याच्याकडे नव्हती, आणि हे त्याला आयुष्यभर कधी कळण्याचे कारण नव्हते.

या घटनेत मला सगळ्यात मोलाचे वाटते ते पहिल्या काचेवर घडले. समोर जे दिसत होते ते पुस्तकाप्रमाणे असू शकत नव्हते, तरी कुणी काच धुऊन टाकली नाही. आणि दुसरे असे की माणसांच्या डॉक्टरांना अशक्य कोटीतला वाटणारा तो जीव विदर्भातल्या कुठल्याही अनुभवी पशुवैद्याने नुसत्या नजरेने ओळखला असता.

बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात नेमके हेच पुन्हा आठवावे लागले. २०२४ चा डिसेंबर सरत असताना तिथल्या काही गावांत लोकांचे केस गळू लागले. आधी डोके खाजायचे, केस राठ व्हायचे, मग हात फिरवला की पुंजकेच हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. बायका, शाळकरी पोरी, म्हातारे, कुणी सुटले नाही. कित्येकांनी कंटाळून मुंडण केले. मुलींनी कॉलेजला जाणे सोडले, बाहेरगावचे लोक या गावच्या माणसांशी फटकून वागू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर, कुणी शाम्पूला बोल लावला. पुढे काही जणांची नखेही ठिसूळ होऊन गळू लागली.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर तिथे पोहोचले. हे मूळचे आमच्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचूदंशाने पोरे डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली: दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे गार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. विष शरीरातल्या संप्रेरकांचा कडेलोट करते आणि हृदय त्याखाली दबते, हे ओळखून त्यांनी रक्तदाबाचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरले. लाल विंचवाच्या दंशाने शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आले. खाटेशेजारी बसून बघण्याची हीच सवय घेऊन ते शेगावच्या गावांत फिरले. रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू त्यांनी तपासून घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या पस्तीसपट, लघवीत साठपट आणि केसांत दीडशेपट होते, जस्त घटलेले होते, आणि सेलेनियम पंजाब-हरियाणातून आलेल्या रेशनच्या गव्हातून पोटात गेले.

सेलेनियम शरीराला अगदी कणभर लागते. ते गंधकाचे भावंड असल्यामुळे जास्त झाले की केस, नखे, खूर आणि शिंगे ज्या केराटिनाची बनतात त्यात गंधकाची जागा बळकावते आणि तिथली वीण कच्ची राहते. पंजाबातल्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम आहे, आणि तिथल्या गुरांचे केस गळतात, खूर वाढून चिरतात आणि गळून पडतात, हे तिथले पशुवैद्य आणि मातीचे अभ्यासक कित्येक दशके लिहीत आले आहेत. अमेरिकेत डकोटाच्या माळावर १८५० च्या दशकात घोड्यांची आयाळ-शेपटी झडून खूर सुटल्याचे मॅडिसन नावाच्या लष्करी डॉक्टरने नोंदवले. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकात माणसांचे केस आणि नखे अशीच गेली. केस आणि नखे एकाच वेळी गेली की ढोरांच्या डॉक्टरला बुरशीच्या आधी चारा आठवतो. शेगावच्या पहिल्या पाहणी पथकात पंजाबातला एखादा जाणता पशुवैद्य असता तर लोकांचे बोट पाण्यावरून धान्याकडे लवकर वळले असते, असे मला मनापासून वाटते. हा निष्कर्ष एका संशोधकाने पदरमोड करून काढलेला आहे. त्याची पडताळणी आणि त्या गव्हाची सगळी वाट लोकांसमोर उघड मांडणे हे सरकारी यंत्रणेचे काम आहे. रेशनचे धान्य खाणाऱ्याला निवड नसते.

मराठवाड्याला तर असा धडा याआधीच मिळालेला आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. पडक्या, सोडलेल्या घरांत धान्य राहिले आणि उंदीर माजले, असे मानतात. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवा वाढल्या, उंदीर मरून पडू लागले, आणि मग माणसांच्या जांघेत-काखेत गाठी आल्या. १९६६ नंतर देशात प्लेगची नोंद नव्हती. डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी तो पुस्तकातच वाचलेला. गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र उंदीर पडले की घर सोडून रानात राहायला जायचे हे ठाऊक होते. सप्टेंबरात सुरतेला न्यूमोनिक प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले, परदेशांनी विमाने थांबवली. तपासण्या अपुऱ्या, नमुने उशिरा, त्यामुळे हा प्लेगच का, यावर देशभर वाद झडला. तो प्लेगच होता हे पुढे जंतूच्या जनुकीय तपासणीने ठरले आणि वाद मिटला. उंदरांची पहिली बातमी मिळाली त्याच दिवशी चार मेलेले उंदीर नीट बांधून प्रयोगशाळेत गेले असते तर एवढा गोंधळ झाला नसता.

पक्ष्यांच्या बाबतीत आता यंत्रणा बरीच सावध झाली आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे पडले. दोन्ही वेळा नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू असल्याचे कळले. उदगीरच्या कावळ्यांच्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तेही बर्ड फ्लूनेच. वाघाला कोंबडीचा रोग होऊ शकतो ही शंका घेऊन नमुना पाठवणाऱ्याचे कौतुक करायला हवे.

नमुना कसा घ्यायचा हे ज्ञान दुर्लक्षित आहे, म्हणून या पुस्तकात त्याला बरीच पाने दिली आहेत. धष्टपुष्ट जनावर अचानक मरते, पोट फुगते, नाका-गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येते: ही फाशीची, म्हणजे अँथ्रॅक्सची खूण. अशा जनावराचे शवविच्छेदन करायचे नसते. ते फाडले की जंतूला हवा लागते, त्याचे बीजाणू बनतात आणि त्या जमिनीत ते वर्षानुवर्षे टिकतात. कानाच्या शिरेतल्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरायचा, निदान त्यावरच करायचे आणि जनावर चुन्यासह खोल पुरायचे. कातडे सोलायला बसलेल्या माणसाच्या हातावर काही दिवसांनी न दुखणारी काळी खपली धरते. तो ती घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे जातो, आणि मेलेल्या बैलाचा उल्लेख कुणी करत नाही.

जनावर सांगत नाही आणि माणूस भलतेच सांगतो, अशी दोन्हीकडची अडचण आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात घाटीत काळ्या बुरशीचे रुग्ण भरभरून आले. त्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला वर्षाकाठी तो क्वचित दिसायचा. कित्येक जण आधी दाढ हलते म्हणून दाताच्या दवाखान्यात गेले होते. कोरोना होऊन गेला आहे, साखर वाढलेली आहे, गाल बधिर आहे आणि दाढ हलते आहे, या चार गोष्टी एकत्र मांडणारा दंतवैद्य भेटला त्याचा डोळा वाचला. ज्याची दाढ नुसती उपटली गेली त्याचा बुरशी वर चढण्याआधीचा वेळ फुकट गेला. त्या काळात आपल्या शहरातल्या निवासी डॉक्टरांनी नाकातला खरवडलेला तुकडा पोटॅशच्या थेंबात घालून रात्री-बेरात्री सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि रुंद, काटकोनात फुटणाऱ्या तंतूंवरून पहाटेपर्यंत निदान हातात दिले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही.

एक सावधगिरी मात्र वाचकाने बाळगावी. असे पुस्तक वाचले की साध्या तापातही सर्रा दिसू लागतो. पावसाळ्यातला ताप आधी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड. महिन्याचा खोकला आधी क्षय. चारा सोडलेल्या गायीत आधी अपचन आणि गोचीडताप. कोवळ्या ज्वारीत शिरलेले जनावर तासाभरात आडवे झाले तर किराळ, म्हणजे ज्वारीची विषबाधा. नेहमीच्या रोगांची वाट पूर्ण तुडवून झाल्यावर, औषधाला गुण येत नाही असे दिसल्यावर, पुढचे प्रश्न विचारायचे असतात: घरात जनावर कोणते, त्याला काय झाले होते, चारा-धान्य कुठून आले, हाताला काय लागले, शेजारी आणखी कोण आजारी आहे. ही विचारपूस दहा मिनिटांची आहे. दोनशे रुग्णांच्या ओपीडीत दहा मिनिटे कुठून आणायची, हा तिथल्या डॉक्टरांचा सवाल खरा आहे. म्हणून हे प्रश्न आशाताईंनी आणि पशुधन पर्यवेक्षकांनी गावातच विचारून कागदावर लिहून द्यावेत, असे मला सुचवायचे आहे.

पुढच्या पानांतल्या रुग्णांची नावे आणि गावे बदलली आहेत किंवा गाळली आहेत. शेवटचा भाग निदान न लागलेल्या दुखण्यांचा आहे. तो वगळावा असा सल्ला काहींनी दिला होता, पण मी तो ठेवला. एका वाडीत दोन पावसाळे लागोपाठ आंधळ्या झालेल्या शेळ्या, एकाच घरातल्या तिघांच्या तळपायांची आग, काही केल्या न थांबलेला एका म्हशीचा थरकाप, या नोंदी तारीख, चारा, पाणी आणि तपासण्यांसह जशाच्या तशा छापल्या आहेत. त्यांतल्या एखाद्यात कुणाला ओळखीची खूण दिसली तर घाटीत किंवा परभणी-उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयांत जरूर कळवावे.